जाळ्यात न आलेला मासा

थंडीचे दिवस होते. पळसदेवच्या काठावरून होडी आत निघाली तेव्हा उजनीच्या पाण्यावर धुकं एवढं दाट होतं की वल्हं कुठे बुडतंय ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पुढे बसलेले मामा काही न बघता दिशा धरून होते. साठी ओलांडलेले, जातीचे भोई. धरण होण्याआधी वडिलांबरोबर भीमेच्या डोहात जाळी टाकलेले. एका जागी त्यांनी हात वर केला, मागच्या मुलानं वल्हं थांबवलं आणि मामांनी पाण्यातून थर्माकोलचा एक तुकडा उचलला. आदल्या संध्याकाळी सोडलेल्या जाळ्याचं ते टोक.

"ताई, हितनं पलीकडं जाळं तळाला सोडायचं न्हाई," मामा म्हणाले. "खाली गाव हाय. भितीला अडकलं की फाटूनच येतंय."

खाली खरोखरच गाव आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठची कितीतरी गावं यशवंतसागराच्या पोटात गेली. पळसनाथाचं जुनं देऊळही त्यातलंच. पाणी फार ओसरलं की ते वर येतं आणि लोक बघायला गर्दी करतात. एरवी ते फक्त होडीवाल्यांना ठाऊक असतं, जाळं कुठे सोडायचं नाही याची खूण म्हणून.

जाळं वर येऊ लागलं. तंगुसाचं, म्हणजे एकाच बारीक नायलॉन दोऱ्याचं, पाण्यात जवळजवळ न दिसणारं. वरच्या दोरीला बोया, खालच्या दोरीला शिशाचे मणी, आणि मध्ये पाण्यात उभी राहिलेली एक सैल, झुळझुळीत भिंत. मासा पोहत येतो, डोकं घालतो, पुढे जाता येत नाही म्हणून मागे सरकतो आणि दोरा त्याच्या कल्ल्यामागे बसतो. पहिल्या काही हातांत नुसतीच चिलापी आली. काळपट, पाठीवरचे काटे ताठ केलेली. मग एक शिंगटा. तो कल्ल्यात अडकलेला नव्हता, गळ्याजवळच्या काट्यांनी जाळं अंगाभोवती गुंडाळून बसला होता. त्याला सोडवायला मामांना बराच वेळ लागला. काटा मोडून न घेता दोरा एकेका आसातून, म्हणजे जाळ्याच्या डोळ्यातून, मागे काढताना त्यांची बोटं विणकाम उसवणाऱ्या बाईसारखी चालत होती. नंतर हातभर लांबीचा एक कटला आला. मामांनी त्याच्या पोटाखाली तळवा घालून तो क्षणभर तोलला आणि टोपलीत ठेवला.

मी विचारलं, "मामा, उजनीत मासा किती असेल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जाळ्याकडे. "जाळ्यात आला तेवढा."

या उत्तरातच सगळा प्रश्न आहे. रानात मेंढरं मोजता येतात, झाडं मोजता येतात, कुंभारगावच्या उथळ पाण्यात उतरलेले रोहित पक्षीसुद्धा दुर्बीण लावून मोजता येतात. मासा दिसत नाही. तो किती आहे, कुठल्या जातीचा आहे, वाढतोय की घटतोय, हे कळायला आपल्याजवळ सगळ्यात जुनं आणि आजही सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन जाळंच आहे. आवाजाच्या लहरी पाण्यात सोडून प्रतिध्वनीवरून माशांचे थवे मोजणारी यंत्रं आली आहेत. पण खाली हललं ते रोहू होतं की चिलापी, हे यंत्राला नीट सांगता येत नाही. त्यासाठी शेवटी मासा हातात घ्यावा लागतो.

लहान तळ्यासाठी एक सोपा हिशेब आहे. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मांडला. समजा, तळ्यातले शंभर मासे धरले, त्यांच्या परावर बारीक खूण केली आणि सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा शंभर धरले आणि त्यात पाच खुणेचे निघाले. म्हणजे शंभरात पाच, तर एकूण अंदाजे दोन हजार. गावतळ्यात हे जमतं. उजनीत असे शंभर खुणेचे मासे सोडले तर त्यातला एक तरी पुन्हा हाती लागेल याची खात्री नाही. म्हणून मोठ्या जलाशयात एकूण आकड्याच्या मागे न लागता वेगळा प्रश्न विचारावा लागतो. तेच जाळं, त्याच जागी, तेवढाच वेळ सोडलं तर गेल्या वर्षीपेक्षा जास्त आलं की कमी? एका जाळ्याला एका रात्रीत किती मासे आणि किती वजन, एवढीच नोंद. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यातला एकेक शब्द, तेच जाळं, तीच जागा, तेवढाच वेळ, सांभाळायला अवघड आहे.

जाळ्यापासूनच सुरुवात करू. मामांनी आपल्या जाळ्याचा आस मला बोटं घालून दाखवला. काठावर कुणी मिलिमीटरमध्ये बोलत नाही, आसात किती बोटं जातात त्यावरून जाळ्याची ओळख असते. तीन बोटांच्या आसातून लहान मासा सरळ आरपार निघून जातो. फार मोठ्या माशाचं डोकंच आत शिरत नाही, तो नाक लावून मागे फिरतो. ज्याच्या अंगाचा घेर आसाच्या घेराहून थोडासाच जास्त, तोच नेमका अडकतो. १९१४ साली रशियन शास्त्रज्ञ बारानोव्ह यांनी हे गणितात बसवलं. आस दुप्पट केला तर अडकणाऱ्या माशाची लांबीही दुप्पट होते, कारण मासा आणि आस यांचं नातं आकाराचं आहे. म्हणजे एकाच आसाचं जाळं सोडून जो मासा मिळतो तो पाण्यातल्या सगळ्या माशांचा नमुना नसतो. तो त्या आसाला बसणाऱ्या माशांचा नमुना असतो. टोपलीत सगळे कटले एकाच मापाचे निघाले म्हणून पाण्यात तेवढ्याच मापाचे आहेत असं मानणं म्हणजे चाळणीवर उरलेला कोंडा बघून पीठ कसं आहे ते सांगणं.

त्यात पुन्हा प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा. मरळ शेवाळात दबा धरून बसतो, फारसा हिंडत नाही. उभं जाळं तर माशाच्या हिंडण्यावरच चालतं, त्यामुळे मरळ पाण्यात भरपूर असला तरी जाळ्यात कमी येतो. वाम सापासारखी निमुळती, ती आसातून सरकून जाते. शिंगटा काट्यांमुळे कुठल्याही आसात गुरफटतो, लहान असो की मोठा. चांदण्या रात्री जाळं माशाला दिसतं आणि पकड घटते, हे काठावरचा प्रत्येक जण सांगतो. गढूळ पाण्यात याच्या उलट. आणि जाळं निम्मं भरलं की उरलेल्या जागेत नवा मासा येईनासा होतो. अडकलेल्या माशांची तडफड बाकीच्यांना सावध करते. म्हणून मासा जिथे खूप असतो तिथेच जाळं त्याला कमी मोजतं. मला हे कळलं तेव्हा धक्काच बसला, मामांना त्याचं काही वाटलं नाही. भरलं जाळं अर्ध्या रात्रीत उपसून पुन्हा सोडायचं असतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

या अडचणींवर युरोपात एक उपाय निघाला. उत्तरेकडच्या देशांतल्या तळ्यांवर आधी वापरात असलेलं एक खास जाळं २००५ साली सगळ्या युरोपसाठी मानक ठरवलं गेलं. तीस मीटर लांब, दीड मीटर उंच, आणि अडीच-अडीच मीटरचे बारा तुकडे एकाला एक जोडलेले. प्रत्येक तुकड्याचा आस वेगळा. गाठीपासून गाठीपर्यंत सगळ्यात बारीक ५ मिलिमीटर, सगळ्यात मोठा ५५. हे आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. प्रत्येक आस आधीच्याच्या साधारण सव्वापट आहे, म्हणजे बारानोव्हच्या हिशेबानं प्रत्येक मापाच्या माशाला जाळ्यात कुठेतरी बसेल असा आस मिळतो. आणि हे तुकडे चढत्या क्रमानं जोडत नाहीत. ४३च्या शेजारी १९.५, त्याच्या शेजारी ६.२५, असे मुद्दाम मिसळतात. नाहीतर जाळ्याच्या एका टोकाला फक्त लहान मासे आणि दुसऱ्या टोकाला फक्त मोठे, असं होऊन काठाजवळचं टोक कुठलं यावरच निकाल ठरेल. जाळं संध्याकाळी सोडायचं, सकाळी उचलायचं, साधारण बारा तास. जागा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या. तीन मीटरपेक्षा उथळ पाण्यात इतकी जाळी, तीन ते सहा मीटरमध्ये इतकी, त्याखाली इतकी, असे खोलीचे थर पाडायचे, कारण काठाचा मासा वेगळा आणि खोलातला वेगळा.

तरीही हे जाळं पुरं पडलं नाही. चेक प्रजासत्ताकात चेस्के बुदेयोवित्से इथले संशोधक धरणांतल्या माशांवर वर्षानुवर्षं काम करत आहेत. त्यांनी या मानक जाळ्यांना आणखी मोठ्या आसाची जाळी जोडून पाहिली, १३५ मिलिमीटरपर्यंत. तेव्हा मानक जाळ्यानं जवळजवळ न दाखवलेले मोठे मासे हाती आले. आपल्याकडे ही गोष्ट जास्तच लागू आहे. उत्तरेकडच्या तळ्यांतला पर्च वीतभर, आपला कटला पूर्ण वाढला की दहा किलोच्या पुढे जातो. तिथलं जाळं जसंच्या तसं इथे आणून टाकलं तर अंडी घालणारे सगळे मोठे मासे हिशेबातून सुटतील.

आता "तीच जागा, तेवढाच वेळ" याकडे येते. उजनीवर याची परीक्षा किती कठीण आहे हे २०२४च्या उन्हाळ्यानं दाखवलं. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं ६३.६६ टीएमसी पाणी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांच्या खालचं, आणि वरचं ५३.५७ टीएमसी वापरायचं. वापरायचं पाणी संपल्यावर साठा उणे मोजतात. सोलापूर-इंदापूर भागात बातम्यांत "उजनी उणे इतके टक्के" असं रोज येतं आणि लहान पोरालाही त्याचा अर्थ कळतो. २०२४च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांपर्यंत गेली. हिशेब केला तर धरणात सुमारे साडेएकतीस टीएमसी पाणी उरलं होतं, भरलेल्या धरणाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त.

मासे तेच, पाणी चौथा हिस्सा. त्या दिवसांत जाळं टाकणाऱ्याला भरभरून मासा मिळतो. ऑक्टोबरात जे जाळं पाच मासे आणतं, तेच मे महिन्यात वीस आणू शकतं, पाण्यात एकही नवा मासा जन्मलेला नसताना. अशा वेळी बाजारात आवक वाढते आणि यंदा मासा चांगला झाला असं बोललं जातं. प्रत्यक्षात गोळा होऊन उरलेल्या पाण्यात दाटीवाटीनं अडकलेला सगळा मासा उपसला जात असतो. त्यात उद्याची वीण करणारेही असतात. पुढच्या वर्षी धरण भरतं, पाणी पसरतं, जाळी रिकामी येतात आणि कारण कुणालाच सापडत नाही. जाळ्याची नोंद करताना शेजारी त्या दिवशीची पाणीपातळी लिहिली नाही तर ती नोंद फसवी ठरते. वहीत एक रकाना जास्त लागतो, बाकी काही नाही.

पाणी आणि मासा यांचं हे नातं किती खोल आहे हे कळायला आफ्रिकेतल्या करिबा सरोवराची गोष्ट उपयोगी पडते. झांबेझी नदीवर आजच्या झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर १९५९ साली त्याचं धरण पूर्ण झालं. सरोवराच्या काठावरच्या मत्स्य संशोधन केंद्रानं वेगवेगळ्या आसांच्या जाळ्यांचा एक संच ठरवला आणि तो एकाच ठिकाणी दशकानुदशकं सोडत राहिलं. सरकारं बदलली, देशाचं नावही बदललं, जाळी पाण्यात जात राहिली. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ येप्पे कोल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी सरोवराच्या पाणीपातळीशेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा माशांच्या चढउतारात पाण्याच्या चढउताराचा मोठा वाटा दिसला. पाणी चढतं तेव्हा काठची वाळलेली जमीन, गवत, गुरांचं शेण सगळं पाण्याखाली जातं, त्यातून अन्न तयार होतं, पिल्लांना आडोसा मिळतो. उजनीकाठी पाणी ओसरल्यावर गाळपेरीची जमीन उघडी पडते, तिथे पिकं घेतात, आणि पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा बुडते. करिबात जे घडतं ते इथेही घडत असणार असं कुठल्याही शेतकऱ्याला पटेल. पण पटणं आणि माहीत असणं यांत वहीचं अंतर आहे. करिबाकडे ती वही आहे.

एका बाबतीत मात्र आपल्याकडे जगात फार थोड्या नद्यांना आहे एवढी जुनी नोंद आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी १८२४ पासून काही वर्षं दख्खनची माहिती गोळा करत हिंडला. पिकं, पक्षी, जनावरं यांच्याबरोबर त्यानं भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासेही गोळा केले, आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध झाली. नावं देताना त्यानं काठच्या मच्छीमारांची नावंच लॅटिन वळणावर नेली. खडशीचं शास्त्रीय नाव त्यामुळे तोर खुद्री झालं. नुकटा, कोळस, पोटील, मुल्या, सिंगटी, अलकुटी, ताकरी, हे सगळे मराठी शब्द जगभरातल्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आजही आहेत. खुद्रीचा पहिला नमुना पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेला, नुकट्याचा चाकणजवळ इंद्रायणीत. या दोन्ही नद्यांचं पाणी शेवटी उजनीतच येतं. म्हणजे भोयाच्या आजोबाच्या आजोबानं जाळ्यातून काढून साहेबाच्या हातात दिलेला मासा हाच त्या जातीचा पहिला पुरावा आहे.

होडीत बसून मी मामांना यातली काही नावं विचारली. खडशी त्यांना माहीत होती, वडिलांनी धरलेली. नुकट्याचं नाव ऐकून त्यांनी मान हलवली. कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेला मासा म्हटल्यावरही ओळख पटली नाही. त्यावरून नुकटा भीमेतून गेला असं म्हणता येणार नाही. एका माणसाच्या आठवणीवर असा निकाल द्यायचा नसतो. मला त्यातून एक वेगळी गोष्ट उमगली. जाळ्यात जे येतं ते लिहिणं सोपं आहे. जे आलं नाही ते लिहायला आधी ते येऊ शकलं असतं हे माहीत असावं लागतं, आणि त्याच्या मापाचा आस पाण्यात असावा लागतो. खडशीसाठी जाळं सोडलं, दहा ठिकाणी सोडलं, आणि शून्य आलं, तर तो शून्य मोलाचा आहे. सोडलंच नसेल तर वहीत शून्य लिहायचा अधिकार आपल्याला नाही.

त्याउलट जे पाहुणे कुणी बोलावले नाहीत ते जाळ्यात रोज येतात. तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला आणि आज चिलापी या नावानं भिगवणच्या हॉटेलांत तळून मिळतो. कुटुंबच्या कुटुंबं त्याच्यावर जगतात, हे मान्य करूनच त्याच्याबद्दल बोललं पाहिजे. वर्षातून अनेकदा वीण, तोंडात पिल्लं सांभाळणं आणि पुणे-पिंपरीच्या सांडपाण्यानं हिरव्या झालेल्या पाण्यातही टिकणं, यामुळे तो पसरला. अलीकडच्या काळात काचेच्या पेटीत शोभेसाठी पाळला जाणारा सकर माशाचा प्रकारही उजनीच्या जाळ्यांत येऊ लागला. अंगावर हाडांचं चिलखत, खरखरीत पर. तो खाल्ला जात नाही, विकला जात नाही, आणि जाळं फाडून ठेवतो. अशा माशाची पहिली खबर नेहमी मच्छीमारालाच लागते. ती शास्त्रज्ञापर्यंत पोचायला कधीकधी वर्षं जातात.

हिमाचलमधल्या गोविंदसागरात काय घडलं ते इथे आठवतं. १९७१ साली देवळीच्या मत्स्यबीज केंद्रात पुराचं पाणी शिरलं आणि तिथले सिल्व्हर कार्प जलाशयात वाहून गेले. काही वर्षांत तो मासा पकडीत इतका वाढला की कटल्याला मागे सारून पहिला झाला. हा बदल दिसला, कारण तिथे उतरलेल्या माशांची जातवार नोंद होत होती. नोंद नसती तर एवढंच म्हटलं गेलं असतं की कटला आता पूर्वीसारखा मिळत नाही.

कटला आणि रोहू यांचा प्रश्न आपल्याकडे आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण त्यांचं बी आपण बाहेरून सोडतो. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातकुळीतल्या माशांकडून अंडी घालून घेतली आणि देशभर मत्स्यबीज तयार होऊ लागलं. तेव्हापासून जलाशयात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडणं हा सरकारी मत्स्यव्यवसायाचा कणा झाला आहे. किती लाख सोडली याचे आकडे असतात, त्यांचे फोटो असतात. त्यातली किती जगली, किती चिलापीनं आणि मरळानं गिळली, किती सांडव्यावरून खाली गेली, आणि भीमेच्या पुरात वर चढून आपणहून विणलेली पिल्लं किती, हे कळल्याशिवाय पुढच्या वर्षी किती सोडायची ते ठरवता येत नाही. तरी दरवर्षी आकडा ठरतो.

यावरही जाळंच उत्तर देऊ शकतं, आणि ते खर्चीक नाही. पावसाळा सरताना, बोटुकली सोडायच्या आधी, बारीक आसाचं एक जाळं ठरलेल्या जागी एक रात्र सोडायचं. त्यात कटल्याची, रोहूची पिल्लं आली तर ती नदीची देणगी. सोडल्यानंतर महिन्याभरानं पुन्हा एक रात्र. दोन्ही रात्रींची लांबी-वजनाची नोंद शेजारी ठेवली की बरंच काही बोलू लागतं. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचे व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ साली देशभरच्या जलाशयांचा आढावा घेतला. त्यात सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे २० किलो निघालं, लहान जलाशयांत पन्नासच्या आसपास, आणि उजनीसारख्या मोठ्या जलाशयांत अवघं ११ किलोच्या थोडं वर. मोठ्या पाण्यात बी सोडून भागत नाही, हे त्या आकड्यांतून सरळ दिसतं. तिथे पाण्याची स्वतःची वीण सांभाळावी लागते, आणि ती सांभाळायला आधी ती बघावी लागते.

इथे एक अडचण आहे आणि ती मामांनीच पुढे ठेवली. बारीक आसाचं जाळं म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. उजनीवर बारीक जाळं म्हणजे वडाप. मच्छरदाणीसारख्या दाट जाळ्यानं पिल्लांसकट सगळं ओढून काढायचं, ही वडापाची मासेमारी काठावरच्या मच्छीमारांच्या पोटावर पाय देते. तिच्याविरुद्ध त्यांनी मोर्चे काढले, तक्रारी केल्या. ज्या जाळ्यानं पाणी ओसाड होतं तेच जाळं मोजणीसाठी आणायचं, हे त्यांना खुपणं अगदी रास्त आहे. दीड मीटर उंचीचा अडीच मीटरचा एक तुकडा वर्षातून दोन रात्री, आणि रोज रात्री किलोमीटरभर ओढलं जाणारं वडाप, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण तो फरक काठावर बसून, त्यांच्यासमोर, त्यांच्याच हातानं जाळं सोडून दाखवावा लागेल. परगावाहून गाडी घेऊन येऊन बारीक जाळं टाकणाऱ्या पाहुण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. उजनीवर काठाच्या मच्छीमारांनीच दहा जागा ठरवाव्यात. डिकसळकडचा वरचा भाग, कुंभारगावचं उथळ पाणी, पळसदेवची बुडालेली गावं, धरणाच्या भिंतीजवळचं खोल पाणी, यांतल्या प्रत्येकाचा मासा वेगळा. प्रत्येक जागी वेगवेगळ्या आसांचा एकच ठरलेला संच, बारीक ते कटल्याला पुरेल एवढा मोठा. वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, अमावस्येच्या आसपास, म्हणजे चांदण्याचा फरक मध्ये येणार नाही. तारीख, पाणीपातळी, कुठल्या आसात कुठला मासा, किती लांब, किती वजन. मोजणाऱ्या मच्छीमाराला त्या रात्रीची मजुरी मिळाली पाहिजे, कारण ते काम आहे, उपकार नव्हे. सोलापूर-पुण्याच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची मुलं आहेत, त्यांना लांबी मोजायला आणि नावं तपासायला पाठवावं. वही मात्र गावात राहावी आणि तिची नक्कल मत्स्यव्यवसाय विभागात. आकडे काठावरच्या फळ्यावर लिहावेत, म्हणजे कुणाचं जाळं रिकामं आलं आणि का, यावर तिथेच बोलणं होईल.

जाळं पूर्ण वर आलं तेव्हा उजाडलं होतं. पाण्यावरून चक्रवाक उडत गेले. मामांनी जाळं झटकलं आणि टोपली माझ्या पुढ्यात सरकवली. मी माझ्या वहीत लिहायला लागले. चिलापी, शिंगटा, कटला, दोन गुगळी, एक रोहू. मी काय करतेय ते मुलानं विचारलं, मी सांगितलं. तो वाकून बघू लागला. मग त्यानं कटल्याच्या शेपटीला बोटं टेकवून नाकापर्यंत मोजलं आणि म्हणाला, "ह्याची लांबी लिहा की. दोन वीत, चार बोटं."

ते मी लिहिलं. त्याखाली जाळ्याचा आस लिहिला, तीन बोटं, आणि त्या दिवसाची पाणीपातळी. उजनीच्या काठावर ज्यांची जाळी रोज पाण्यात जातात त्यांनी हे एवढं आजपासून सुरू करावं. वही शाळेतली चालेल.